पंप उचलेल तोच जनरेटर: दिवेआगरच्या घरात दोन पावसाळे वापरून

जनरेटर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ताई, घरात पंखे किती?” आम्ही दोन वेळा दोन वेगवेगळ्या दुकानांत या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर दिलं. पहिल्या वेळी लहान जनरेटर गळ्यात पडला. दुसऱ्या वेळी गरजेपेक्षा फार मोठा पडणार होता, तो थोडक्यात टळला. पंख्यांवरून जनरेटर ठरत नाही. घरातली सगळ्यात जड मोटर कोणती आणि ती सुरू होताना किती ओढते, यावरून ठरतो. आमच्याकडे ती विहिरीवरची मोटर, एक एचपीची.

आता ज्या यंत्राबद्दल लिहितेय ते आम्ही एप्रिल २०२४मध्ये घेतलं. पेट्रोलवर चालणारा, साधा, म्हणजे इन्व्हर्टर जातीचा नसलेला जनरेटर. पाटीवर जास्तीत जास्त ३ केव्हीए (केव्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, हजारांत) आणि कायम चालवायला २.८ केव्हीए. चावीने सुरू होतो, दोरीही आहे. टाकी १५ लिटरची, वजन रिकाम्या टाकीला ४५ किलो. बिलासकट ४६,००० रुपये पडले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या आकाराची यंत्रं चार-पाच कंपन्यांची आहेत आणि मला सांगायचंय ते आकाराबद्दल.

आमचं घर दिवेआगरात, वाडीत. पोफळी, माड, थोडी केळी. घरात मी, यजमान आणि सासूबाई. दोन खोल्या पर्यटकांना देतो. वीज गेली की नुसता अंधार होत नाही, पाणी बंद होतं. विहीर घरापासून ६० मीटरवर, पाणी तिथून टाकीत चढवायचं आणि उन्हाळ्यात वाडीही शिंपायची. सासूबाई सांगतात की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा रहाट होता आणि लाइटचा वाडीशी काही संबंध नव्हता. आज रहाटाचे खांबसुद्धा उरलेले नाहीत.

३ जून २०२०ला दुपारी निसर्ग वादळ आमच्याच पट्ट्यात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला जमिनीवर चढलं. ताशी १०० किलोमीटरच्या वरचा वारा. दोन-तीन तासांत पन्नास-साठ वर्षांच्या पोफळी मधूनच मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले आणि विजेचे खांब वाडीत येऊन पडले. आमच्या घरी लाइट आली ती २७व्या दिवशी. वायरमन लोक पावसात, चिखलात, पडलेल्या झाडांतून वाट काढत खांब उभे करत होते. कोणाला दोष देण्यासारखं त्यात काही नव्हतं, नुकसानच तेवढं होतं.

सासूबाईंना मधुमेह आहे. इन्सुलिन फ्रिजमध्ये, फ्रिज बंद. डॉक्टरांना कसाबसा फोन लागला. ते म्हणाले, वापरात असलेली बाटली फार गरम होऊ दिली नाही तर साधारण चार आठवडे चालते, न उघडलेल्या मात्र थंड लागतात. मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात बाटल्या आणि वरून ओलं फडकं, असं आम्ही केलं. रोज सकाळी फडकं भिजवताना पोटात गोळा यायचा. सहाव्या दिवशी यजमान बाहेरगावी जाऊन मिळेल त्या भावात एक जनरेटर घेऊन आले. एक केव्हीएचा. दुकानदाराने पंखे विचारले होते, यजमानांनी “पाच” सांगितलं होतं.

त्या जनरेटरवर दिवे लागले. आळीतल्या पंचवीस-तीस जणांचे फोन आमच्या पडवीत चार्ज झाले आणि मुंबई-पुण्यातल्या मुलांना आईबापांचे आवाज ऐकू आले. त्याचं मोल मी कमी लेखणार नाही. पण फ्रिज लावला की तो घुरघुरायचा, दिवे मंद व्हायचे आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर टक् करून बंद पडायचा. चार वेळा प्रयत्न करून सोडून दिलं, कॉम्प्रेसर जळला असता तर दुरुस्त कोण करणार होतं? पंप लावून पाहिला तेव्हा तर जनरेटरच बसला. २७ दिवस पाणी आम्ही पोहऱ्याने काढलं.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. ते किनाऱ्याला समांतर वर गेलं, आमच्याकडे निसर्गइतकं काही झालं नाही, पण लाइट पाच दिवस गेली. त्या पाच दिवसांत पावसाळ्यानंतर लावलेली पोफळीची रोपं डोळ्यांदेखत माना टाकायला लागली. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात. मोडलेल्या वाडीच्या जागी लावलेलं रोप पाण्यावाचून जाणं म्हणजे काय, ते ज्याची वाडी गेली त्यालाच कळेल. यजमान म्हणाले, “आता काही झालं तरी पंप उचलणारा जनरेटर घ्यायचा.” तरीही पैसे जमून घ्यायला तीन वर्षं गेली.

या वेळी मी दुकानात जायच्या आधी मोजायला बसले. माझा भाचा पनवेलला आयटीआयमध्ये शिकून इलेक्ट्रिशियनचं काम करतो. त्याने मला दोन गोष्टी शिकवल्या, त्या इथे सविस्तर लिहिते. इतकी साधी गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती.

पहिली गोष्ट, विजेच्या मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा. आमच्या मीटरवर ३२०० असा आकडा छापलाय. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करायचं, एकच वस्तू चालू ठेवायची आणि एक मिनिट दिवा मोजायचा. आलेल्या आकड्याला १८.७५ने गुणलं की ती वस्तू किती वॉट खाते ते कळतं. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर ३७.५ने गुणा. आमचा फ्रिज मिनिटाला ६ वेळा लुकलुकला, म्हणजे ११० वॉटच्या आसपास. जुना छताचा पंखा ४ वेळा, म्हणजे ७५ वॉट. नवीन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा पंखा मिनिटात दोनदाही नीट लुकलुकला नाही, तो जेमतेम ३० वॉट घेतो. पंप ५५ वेळा, म्हणजे एक किलोवॉटच्या किंचित वर. मिक्सर ६०० वॉट, पण चालतो दोन मिनिटं. गीझर २००० वॉट. गीझरचा दिवा तर मोजता मोजता डोळ्यांपुढे अंधारी आली.

या हिशेबाने पंप अधिक फ्रिज अधिक दिवे-पंखे मिळून दीड किलोवॉट होतात. इथेच बहुतेकांची फसगत होते. दीड किलोवॉट लागतात, मग दोन केव्हीएचा घेऊ, असं वाटतं. दोन केव्हीएचा आमचा पंप उचलणार नाही.

दुसरी गोष्ट त्यासाठीच. भाच्याकडे क्लॅम्प मीटर आहे, चिमट्यासारखा वायरीभोवती धरतात तो. त्याच्यावर सुरू होतानाचा झटका पकडायचं बटण आहे. सगळ्या क्लॅम्प मीटरवर ते नसतं, आधी विचारून घ्या. पंप नेहमी चालताना ५.२ अँपिअर घेतो. सुरू होताना त्याच मीटरने २७ दाखवले. पाच पटींहून जास्त. थांबलेली मोटर फिरायला लागते तेव्हा पहिल्या क्षणी ती एवढंच ओढते, मग वेग घेतला की शांत होते. फ्रिजचंही तेच, चालताना एक अँपिअरही नाही, सुरू होताना ९. म्हणून २०२० साली तो बिचारा एक केव्हीएचा जनरेटर फ्रिजपुढे बसत होता. पाटीवरच्या हिशेबाने चार अँपिअरच्या यंत्राकडून आम्ही नऊ मागत होतो.

२७ अँपिअर गुणिले २३० म्हणजे सहा केव्हीएच्या वर जातं. मग काय सहा केव्हीएचा घ्यायचा? तेवढी गरज नाही. हा झटका डोळ्याची पापणी लवते तेवढाच असतो आणि चांगला जनरेटर तेवढ्या वेळापुरता पाटीवरच्या आकड्याच्या वर जाऊन ओझं उचलतो. व्होल्टेज क्षणभर खाली जातं, दिवा मंद होतो, मग सावरतं. भाच्याचा ठोकताळा असा की कपॅसिटरवर (मोटरीला सुरुवातीचा धक्का देणारा डबीसारखा भाग) सुरू होणाऱ्या एक एचपीच्या मोटरीला निदान तीन केव्हीए हवेत. दुकानात पंप घेऊन जाऊन उचलून पाहता आला तर त्याहून उत्तम.

आम्ही तसंच केलं. दुकानदार आधी नाही म्हणाला. “ताई, पाच केव्हीएचाच घ्या, सगळं घर चालेल, एसीसुद्धा,” असं त्याचं चाललं होतं. आमचा जुना एक एचपीचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेलं यंत्र, यजमानांनी गाडीत घालून नेला होता. बादलीत फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाची झडप) बुडवून, पंप भरून, तीन केव्हीएवर तीनदा सुरू करून दाखवल्याशिवाय पैसे दिले नाहीत. तिन्ही वेळा उचलला. दुकानात नेणं जमणार नसेल तर निदान ‘पंप उचलला नाही तर परत घेईन’ एवढं बिलावर लिहून घ्या.

पाटी वाचताना एक सांभाळा. बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा बहुतेक वेळा जास्तीत जास्तचा असतो, तो काही मिनिटांपुरता. तासन् तास चालवायचा आकडा त्याच्याखाली बारीक अक्षरांत असतो आणि तोच आपला. शिवाय केव्हीए म्हणजे किलोवॉट नव्हे. मोटर असेल तर अँपिअर आणि व्होल्टच्या गुणाकाराएवढे वॉट मिळत नाहीत. आमच्याच पंपाचं बघा, ५.२ गुणिले २३० म्हणजे जवळजवळ १२००, आणि मीटरच्या दिव्याने दाखवले १०३०. जनरेटरला भार पडतो तो १२००चा. नुसते वॉट जोडत बसलात तर हा फरक हिशेबात येतच नाही.

मग पाच केव्हीए का नाही घेतला? पैसे हे एक कारण, पण मोठं कारण पेट्रोल. साधा जनरेटर ५० हर्ट्झ द्यायला मिनिटाला ३००० फेरे घेतो, त्याच्यावर एक दिवा असो की पंप. यंत्र जेवढं मोठं तेवढं ते नुसतं फिरायलाच जास्त पेट्रोल खातं. आमच्या घरात बहुतेक वेळ जेमतेम चार-साडेचारशे वॉट लागतात. त्यासाठी पाच केव्हीए फिरवत ठेवणं म्हणजे एका माणसाच्या भाताला लग्नाचं पातेलं चढवणं. शिवाय तो ऐंशी किलोच्या घरातला, तो वाडीतून हलवणार कोण?

हलवण्याचा मुद्दा आमच्याकडे महत्त्वाचा ठरला. आधी बेत होता की जनरेटर घराजवळ ठेवायचा आणि पंपाला तिथूनच लाइन द्यायची. भाच्याने विहिरीपर्यंतची वायर पाहिली, दीड एमएमची. ६० मीटर जायला, ६० यायला. २७ अँपिअरच्या झटक्याला त्या वायरीतच चाळीसएक व्होल्ट मरतात आणि मोटर अर्धपोटी उठायला बघते. एक तर जाड, चार एमएमची वायर टाका, नाही तर जनरेटरच विहिरीवर न्या. आम्ही दुसरं केलं. यंत्राला चाकं आहेत, वाटेवर जांभ्याचे चिरे बसवलेले आहेत, त्यावरून यजमान एकटे ढकलत नेतात. सकाळी दीड तास विहिरीवर पंप, मग घरी आणून फ्रिज, दिवे, पंखे. पंप आणि घर एका वेळी चालवायचं नाही असं ठरवलं, म्हणून तीन केव्हीएत भागलं. हे ठरवलं नसतं तर दुकानदाराचा पाच केव्हीए खरा ठरला असता.

पंप सोपा उचलावा म्हणून आणखी दोन गोष्टी केल्या. मोटरीचा कपॅसिटर जुना होऊन कमजोर झाला होता, तो बदलला, दोन-तीनशे रुपयांचं काम. आणि आता सुरू करताना डिलिव्हरीचा कॉक बंद ठेवतो, मोटरने वेग घेतला की हळूहळू उघडतो. पाणी ढकलायचं ओझं सुरुवातीला नसलं की मोटर पटकन वेग घेते आणि झटका लवकर सरतो. कॉक बंद ठेवून पंप चालू विसरायचा मात्र नाही, आतलं पाणी तापतं.

आता दोन पावसाळ्यांचा अनुभव. सगळ्यात लांब चाचणी मे २०२५च्या शेवटी झाली. पाऊस नेहमीपेक्षा फार लवकर उतरला, वाडीतली कामं अर्धी, आणि तीन दिवस लाइट नाही. त्या तीन दिवसांत रोज असं चालवलं: सकाळी दीड तास पंप, त्यानंतर दोन तास घर, संध्याकाळी पुन्हा दोन तास घर. रात्री जनरेटर बंद. घरात आधीपासून १५० एएचची बॅटरी असलेला इन्व्हर्टर आहे, तो जनरेटरवर दिवसा चार्ज होतो आणि रात्री पंखे-दिवे सांभाळतो. फ्रिज रात्रभर बंद, पण मी फ्रीजरमध्ये पाण्याच्या चार बाटल्या कायम गोठवून ठेवते आणि रात्री दार उघडत नाही. सकाळी इन्सुलिनच्या कप्प्यात ठेवलेला थर्मामीटर ७ दाखवत होता. दोन ते आठच्या आत. तीनही दिवस. ते बघून मला रडू आलं, ते इथे लिहायला मला संकोच वाटत नाही.

पेट्रोल मोजून सांगते. पंपावर तासाला एक लिटर, घराच्या हलक्या भारावर तासाला साधारण ७०० मिली. दिवसाचे सव्वाचार लिटर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेचारशे रुपयांच्या आसपास. त्यात वीज तयार झाली तीन-सव्वातीन युनिट. म्हणजे युनिटला १३०-१४० रुपये पडले. जनरेटरची वीज ही औषधासारखी आहे, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढीच. म्हणूनच पर्यटकांच्या खोलीतला एसी मी त्यावर घेत नाही. बुकिंग घेतानाच सांगते की लाइट गेली तर पंखा, दिवा, पाणी आणि मोबाइल चार्जिंग मिळेल, एसी आणि गीझर मिळणार नाही. गरम पाणी चुलीवर तापवून देते. आजवर कुणी त्यावरून खोली सोडलेली नाही.

इन्व्हर्टरच्या बाबतीत पहिल्या दिवशी घोळ झाला. जनरेटर चालू, घरात लाइट, पण इन्व्हर्टर चार्ज होईना, बॅटरीवरच चालत राहिला. आम्हाला वाटलं यंत्र बिघडलं. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल. यूपीएसवर ठेवलं की तो फार चिकित्सक होतो, जनरेटरची थोडी वरखाली होणारी वीज स्वीकारत नाही. नॉर्मलवर केलं आणि चार्जिंग सुरू झालं. घरात कॉम्प्युटर चालत असेल आणि यूपीएसवरच ठेवणं भाग असेल, तर इन्व्हर्टर जातीचा जनरेटर बघा. त्याची वीज अगदी स्वच्छ, आवाज कमी आणि भार कमी झाला की तो स्वतःच वेग कमी करून पेट्रोल वाचवतो. पण त्याच ताकदीला किंमत दुपटी-तिपटीची. मला परवडला असता तर घेतला असता.

आवाजाबद्दल स्पष्ट सांगते, आवाज मोठा आहे. सात-आठ मीटरवर असताना पडवीत फोनवर बोलता येत नाही. आळीत सगळ्यांना माहीत आहे की आमचा जनरेटर सकाळी साडेआठच्या आधी आणि रात्री साडेनऊनंतर चालत नाही. ज्यांच्या घरी पाणी नसतं ते सकाळी हंडे घेऊन विहिरीवर येतात, त्यामुळे त्या दीड तासाच्या आवाजाबद्दल कुणाची तक्रार नाही.

बाकी उणिवा. स्टार्टरची बॅटरी लहान आहे, तीन महिने यंत्र बंद राहिलं की उतरते. पहिल्या वर्षी ऐन गरजेला चावी फिरली नाही आणि दोरी ओढावी लागली. माझं वय ५४, उजवा खांदा दुखरा, मला ती दोरी जमत नाही. बाई एकटी घरी असेल तर चावीचाच घ्या आणि महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवा. आम्ही संकष्टीला चालवतो, म्हणजे विसर होत नाही. चाकं लहान आहेत, चिऱ्यांवरून ठीक, वाळूत रुततात. पुस्तिका मराठीत नाही. सर्व्हिसवाला लांबून येतो, पण तेल बदलणं आणि फिल्टर धुणं यजमान घरीच करतात. पहिल्या २० तासांनी तेल बदललं, त्यानंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचं असतं. तेल कमी झालं तर यंत्र आपोआप बंद होतं, ही सोय फार चांगली.

पेट्रोल टाकीत ठेवून यंत्र महिनोन् महिने ठेवू नका. आमचा पहिला, एक केव्हीएचा जनरेटर असाच वाया गेला, कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर बसला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरतं आणि आमच्याकडे ओलीला तोटा नाही. मी बंद करताना पेट्रोलचा कॉक बंद करते आणि यंत्र आतलं संपवून आपणहून थांबू देते. पावसाळ्यात १० लिटरचा पत्र्याचा कॅन भरून ठेवते, दोन महिन्यांनी तो स्कूटरमध्ये ओतते आणि नवं आणते. कायद्याने घरगुती वापरासाठी परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, पण घरात एवढं ठेवायची गरजही नाही आणि माझी हिंमतही नाही.

दोन गोष्टी मी हात जोडून सांगते. एक, जनरेटर पडवीत, ओटीवर, न्हाणीघरात, बंद गोठ्यात कुठेही चालवू नका, बाहेर कितीही पाऊस असो. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो. आम्ही घरापासून सात-आठ मीटरवर चार खांबांवर पत्रा टाकलाय, बाजू चारही उघड्या. पावसाळी वारा आमच्याकडे नैऋत्येकडून येतो, म्हणून ती जागा घराच्या ईशान्येला घेतली, धूर घरापासून दूर जातो. नुसतं अंतर ठेवून भागत नाही, वाऱ्याची दिशाही बघा.

दोन, दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून घर पेटवायचं नाही. २०२०मध्ये मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ती वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून चढून हजारो व्होल्टची होते आणि खांबावर आपल्यासाठीच काम करणाऱ्या वायरमनचा जीव घेऊ शकते. चेंजओव्हर स्विच बसवा. एका बाजूला महावितरण, एका बाजूला जनरेटर, दोन्ही एकदम जोडले जाणं शक्यच नाही. आम्हाला स्विच, वायर, अर्थिंगचा खड्डा आणि मजुरी मिळून ४,२०० रुपये लागले. जनरेटरच्या किमतीत हे पहिल्याच दिवशी धरून चाला.

पाचपैकी मी या यंत्राला चार देईन. एक कापला तो बॅटरी आणि चाकांसाठी. आमच्या घराला, आमच्या पंपाला हा आकार बरोबर आहे. तुमच्या घराला असेलच असं नाही. परवा शेजारचे काका म्हणाले, “तुझ्यासारखाच आणतो, दुकानाचा पत्ता दे.” मी आधी त्यांच्या मीटरपाशी जाऊन बसले. त्यांचा पंप चालू केला, बाकी सगळं बंद. मिनिटाला ८१ लुकलुक, म्हणजे दीड किलोवॉट. मोटरीवरची गंजलेली पाटी फडक्याने पुसली तर दीड एचपी निघाली. तीन केव्हीएवर ती उठायची नाही, एक तर त्यांना मोठा जनरेटर लागेल किंवा विहीर उथळ असल्याने एक एचपीची मोटर पुरते का ते बघावं लागेल. भाच्याला रविवारी क्लॅम्प मीटर घेऊन बोलावलंय. तोपर्यंत पैसे भरू नका, असं काकांना सांगून आलेय.